भाकरी वजनावर: नाशिकच्या ताटातलं लो-कार्ब

"पोळी बंद केली, आता फक्त भाकरी खातो, तरी वजन हलत नाही." कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी अर्धा तास थांबलं तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. बोलणाऱ्याचा यात दोष नाही. ज्वारी-बाजरी-नागली हलकी आणि गहू जड, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की पीठ काट्यावर ठेवून बघावं असं कुणाच्या मनात येत नाही.

ठेवून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे, तंतू (फायबर) वगळून, १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं अशी असतात: बाजरी साधारण ६२ ग्रॅम, गव्हाचं पीठ ६४, नागली ६७, ज्वारी ६८ आणि तांदूळ ७८. म्हणजे वजनाला वजन धरलं तर पोळी आणि भाकरी सारख्याच. फरक पडतो तो आकारात. घडीच्या पोळीला ३५ ते ४० ग्रॅम पीठ लागतं, हातावर थापलेल्या घरच्या भाकरीला ८० ते १००. एका भाकरीत ५५ ते ६५ ग्रॅम कर्बोदकं गेली, दोन-अडीच पोळ्यांइतकी. पोळी सोडून भाकरी धरणाऱ्याचं कर्बोदकांचं प्रमाण त्यामुळे बऱ्याचदा वाढतं. नागली कॅल्शियमसाठी उत्तम आहे, पेठ-सुरगाण्याहून आलेली नागली तर जरूर खावी. पण तिला लो-कार्ब समजून नाही.

लो-कार्ब म्हणजे नेमकं किती? दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असली की त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. ५० ग्रॅमच्या खाली गेलं की कीटोची, म्हणजे शरीर मुख्यतः चरबीवर चालतं अशा आहाराची, हद्द सुरू होते. कीटो आहार १९२० च्या दशकापासून अपस्मारावर, विशेषतः लहान मुलांच्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरला जातो. घरात चार माणसांचा एकच स्वयंपाक होत असेल आणि त्यातही शाकाहारी, तर माझ्या मते कीटोच्या वाटेला जाऊ नये. तिथे डाळ बसत नाही, उसळ बसत नाही, आणि पनीर-लोण्यावर माणूस तीन आठवड्यांत कंटाळतो. १०० ग्रॅमच्या आसपासचं लक्ष्य आपल्या स्वयंपाकघरात वर्षभर पेलवतं. पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर बेतलेला आहे.

आधी औषधांची यादी बघा

हे शेवटी लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथेच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना अचानक भात-पोळी कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डोस आधी कमी करावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा धोका वेगळा आहे. कर्बोदकं फार कमी झाली तर रक्तातली साखर जेमतेम वाढलेली दिसत असतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतो आणि उलट्या, धाप, पोटदुखी सुरू असते, म्हणून निदानाला उशीर होतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब पहिल्या दोन आठवड्यांत उतरू शकतो. उठताना चक्कर आली तर दाब मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप-१ मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, खाण्याच्या विकारांचा इतिहास असलेली माणसं, यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

काटा, आणि गोळ्याचं वजन

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्या. मेन रोडला किंवा ऑनलाइन, कुठलाही चालेल. भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचं बटण तेवढं असावं. रोज प्रत्येक भाकरीचं पीठ वेगळं मोजणं कुणाला जमत नाही, त्यासाठी सोपा हिशेब असा. ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठाला ९० ते १०० मिली पाणी लागतं, तेव्हा ३५ ग्रॅम पिठाची भाकरी हवी असेल तर मळलेला गोळा ६८-७० ग्रॅमचा घ्यायचा. गव्हाच्या कणकेत पाणी कमी, १०० ग्रॅमला ६० ते ६५ मिली. तिथे ४० ग्रॅमचा गोळा म्हणजे २५ ग्रॅम पीठ. आठवडाभर काट्यावर गोळे केले की हाताला अंदाज बसतो, मग रविवारी एकदा तपासलं तरी पुरे.

३५ ग्रॅमची भाकरी तळहातापेक्षा थोडीच मोठी होते, आणि तिथे पहिली अडचण येते. छोटी, पातळ भाकरी लवकर कोरडी पडते आणि कडेने चिरते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, पीठ एकत्र धरून ठेवायला उकळत्या पाण्याने फुललेला स्टार्चच उपयोगी पडतो. म्हणून पाणी कोमट नको, खळखळतं हवं. पिठावर ओतून दोन मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग तळहाताच्या टाचेने चांगलं मळायचं. एवढं करूनही चिरत असेल तर पीठ जुनं आहे, त्याची विरी गेली आहे. गिरणीतून आठवड्यापुरतंच दळून आणा. भाजल्यावर लगेच सुती फडक्यात गुंडाळा.

पीठ कमी केलं, त्या जागी काय ठेवलं?

लो-कार्ब बहुतेक घरांत फसतं ते इथे. दुपारी दोन पोळ्या आणि भात सोडला, ताटात उरली वाटीभर भाजी आणि पातळ वरण. संध्याकाळी पाचला जीव कासावीस होतो आणि डब्यातला चिवडा निघतो. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी सर्वेक्षणात भारतीय आहारातल्या साधारण ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं दिसलं. एवढा मोठा वाटा काढून घ्यायचा तर ती जागा प्रथिनांनी भरायला हवी. वजन कमी करताना शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असावीत. ६५ किलोच्या व्यक्तीला ७५ ते ८० ग्रॅम. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि भूक काही केल्या भागत नाही.

शाकाहारी माणसाचा एक दिवस आकड्यांत मांडून बघू. सकाळी ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटलेलं धिरडं, आत ५० ग्रॅम कुस्करलेलं पनीर: कर्बोदकं २२-२३, प्रथिनं १८. दुपारी ३५ ग्रॅम पिठाची एक भाकरी, २५ ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन वाट्या गिलक्याची किंवा मेथीची भाजी, १५० ग्रॅम दही: कर्बोदकं ५० च्या आसपास, प्रथिनं १५. चार वाजता मूठभर, म्हणजे मोजून २५ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा: कर्बोदकं ८-९, प्रथिनं ७. रात्री १०० ग्रॅम पनीर आणि कोरडे ३० ग्रॅम सोया चंक्स घालून ढोबळी मिरची-फ्लॉवरची भाजी, सोबत काकडी-टोमॅटो आणि ताक. भाकरी नाही, भात नाही: कर्बोदकं २५, प्रथिनं ३५. फोडणीला दिवसभरात चार चहाचे चमचे तेल. बेरीज होते कर्बोदकं १०५, प्रथिनं ७५ आणि साधारण १५०० कॅलरी. अंडी चालत असतील तर काम फार सोपं होतं. तीन अंड्यांच्या ऑम्लेटात १८ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं जेमतेम दोन ग्रॅम.

यातला सोया भिजवून, दोनदा घट्ट पिळून आणि मगच काळ्या मसाल्यात परतला तर कुबट वास राहत नाही. पिळायचा कंटाळा केला की भाजीला पाणी सुटतं आणि घरातलं कुणीच पुन्हा खात नाही.

डाळींबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. वरण म्हणजे प्रोटीन असं समजून पातळ वरणाच्या दोन वाट्या पिणाऱ्याला त्यातून मिळतात पाच-सहा ग्रॅम. आणि डाळीत कार्ब असतात म्हणून ती पूर्ण बंद करणारा आपल्या आहारातल्या तंतूंचा मोठा साठा गमावतो. हरभऱ्याच्या डाळीत १०० ग्रॅमला ४७ ग्रॅम कर्बोदकं, पण २१ ग्रॅम प्रथिनं आणि १५ ग्रॅम तंतू असतात. पिठलं करायचं तर ४० ग्रॅम बेसनाचं, कर्बोदकं वीसेक ग्रॅम. त्याच्यासोबत नेहमीची मोठी भाकरी आली की ताट ८० वर जातं. ३५ ग्रॅमची आली तर ४५ मध्ये भागतं.

दुधीचं थालीपीठ

भाकरीची जागा भरून काढणारा पदार्थ म्हणून हे थालीपीठ मला सर्वांत भरवशाचं वाटतं, म्हणून सविस्तर. एका माणसाला ३० ग्रॅम भाजणी, १५० ग्रॅम किसलेला दुधी, १० ग्रॅम भाजून कुटलेलं जवस, एक चमचा तीळ, कोथिंबीर, हिरवी मिरची, ओवा आणि पाव चमचा मीठ. कर्बोदकं २५ च्या आत राहतात आणि ताटभर दिसतं.

दुधी किसून त्याला आधी फक्त मीठ लावायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. सुटलेलं पाणी पिळून वाटीत घ्यायचं, फेकायचं नाही; पीठ त्याच पाण्याने भिजवायचं. घाईत सगळं एकदम कालवलं तर मीठ पिठात गेल्यावर दुधी पाणी सोडतो, गोळा सैल होतो आणि मग आणखी भाजणी घालावी लागते. तीस ग्रॅमची साठ होते ती अशीच. जवस ओलं झालं की चिकट होतं, भाजणी कमी असूनही थालीपीठ तुटत नाही ते त्यामुळे. पण त्याला पाच मिनिटं द्यावी लागतात. तव्यावर थापून मध्ये भोक पाडा, एक चहाचा चमचा तेल कडेने आणि भोकात सोडा, झाकण ठेवा आणि आच मंद ठेवा. दुधीमुळे हे थालीपीठ नेहमीपेक्षा उशिरा सुटतं. पहिली बाजू सहा-सात मिनिटं हलवू नका. कडा आपोआप उचलल्या की उलटा. आधी उलथनं घातलं तर दोन तुकडे ठरलेले. दुधीऐवजी कोबी चालतो. गाजराने गोडसर होतं आणि कर्बोदकं थोडी वाढतात.

सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी घ्या. खुरासणी, लसूण, लाल मिरची, मीठ. साखर-गूळ काही नाही. चमच्याभर चटणीत कर्बोदकं मोजण्याइतकीही नसतात. फक्त चटणी तेलबियांची आहे हे लक्षात ठेवून तीन-चार चमच्यांवर जाऊ नका.

भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही त्यांनी थंडीत फ्लॉवर स्वस्त असताना २५० ग्रॅम फ्लॉवर जाडसर किसून मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, चार मिनिटं परतावा. मीठ उतरवताना. झाकण ठेवलं की लगदा होतो. त्यावर आमटी चांगली लागते.

मिसळ, द्राक्षं आणि उपवास

नाशिकात राहून मिसळ सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. तिचे भाग वेगळे करून बघा: मटकी ३० ग्रॅम कोरड्याची, कर्बोदकं १६; शेव-फरसाण ४० ग्रॅम, साधारण १८ ते २०; दोन पाव, ४०. पंचाहत्तरच्या पुढे गेलं, आणि जिलेबी अजून धरलेली नाही. मटकी हा त्यातला चांगला भाग आहे. मटकी जादा, फरसाण अर्धं, पाव नको, दही हवं, असं आधीच सांगा. मिसळ तीसच्या आत येते. पाव टेबलावर आल्यावर नको म्हणणं अवघड जातं, म्हणून मागवतानाच. तर्रीत कर्बोदकं नगण्य पण तेल भरपूर. वरचा तवंग चमच्याने बाजूला काढला तरी चव रश्श्यात उरते.

द्राक्षं ही आपली खरी परीक्षा. जानेवारी ते एप्रिल घरात पेट्या येतात, दिंडोरी-निफाडकडचे पाहुणे हात हलवत येत नाहीत. १०० ग्रॅममध्ये १६-१७ ग्रॅम साखर, म्हणजे वीस-पंचवीस मण्यांमध्ये जवळपास पाऊण छोट्या भाकरीइतकी. गप्पा मारता मारता अर्धा किलो संपतो आणि दिवसाचा बहुतेक कोटा तिथेच जातो. वाटीत १०० ग्रॅम मोजून, जेवणानंतर लगेच, भाकरी नसलेल्या वेळी, असं ठरवलं तर मोसम वाया जात नाही. बेदाण्यांत मात्र तसं सांभाळता येत नाही. तीस ग्रॅमच्या छोट्या मुठीत २२-२३ ग्रॅम कर्बोदकं असतात. पेरू यापेक्षा कितीतरी बरा, साखर निम्मी आणि तंतू भरपूर.

कांद्याला घाबरायचं कारण नाही. १०० ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम कर्बोदकं. चार माणसांच्या रश्श्याला दोन कांद्यांचं वाटण लावलं तर ताटात येतात जेमतेम चार ग्रॅम. बटाटा, रताळं, पिकलेलं केळं यांवर लक्ष ठेवा; बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात पिशवी भरताना गिलकी, दुधी, पालेभाज्या, वांगी, शेवगा, कोबी आधी घेतले की निम्मं काम होतं.

उपवासाचा दिवस म्हणजे आठवड्यातला सर्वाधिक कर्बोदकांचा दिवस, हे अनेकांना पटत नाही. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीच्या एका बशीला ६०-७० ग्रॅम साबुदाणा लागतो, बटाटा वेगळा. भगर त्यापेक्षा थोडी बरी, ५० ग्रॅम भगरीला ३३ च्या आसपास. उपवास मोडायचा नसेल तर दाण्याची आमटी वाटीभर, तिच्यात भगर दोनच चमचे, काकडीची दह्यातली कोशिंबीर, पनीर चालत असेल त्या घरात पनीर आणि ताक. दोन एकादश्या आणि चार सोमवार महिन्यात येतात. त्या सहा दिवसांनी बाकीचे चोवीस पुसले जाऊ शकतात.

पहिले पंधरा दिवस

यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. कर्बोदकं घटवली की हा साठा उतरतो, त्याबरोबर पाणी जातं आणि पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो. हे चरबी घटल्याचं लक्षण समजू नका. एका लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं, तेही पाणीच असतं. निराश होऊन सोडून देण्यासारखं त्यात काही नाही.

इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची डोकेदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं, रात्री पोटरीत येणारा गोळा, या सगळ्यामागे बऱ्याचदा मीठ-पाणी कमी पडलेलं असतं. रक्तदाब आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर मीठ घातलेलं दोन-तीन ग्लास ताक किंवा चिमूटभर जादा मिठाचं भाज्यांचं सूप पुरतं. एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, सातपूर-अंबडच्या शॉपफ्लोअरवर घाम गाळणाऱ्याने सुरुवात त्या दिवसांत न केलेलीच बरी. श्रावणानंतरची हवा सोयीची.

बद्धकोष्ठता ही दुसरी तक्रार, आणि तिचं गणित साधं आहे. दिवसाला २०० ग्रॅम पिठातून वीसेक ग्रॅम तंतू मिळत होते, आता ३५ ग्रॅमातून साडेतीन. उरलेले साडेसोळा भाजीतून यायला हवेत, म्हणजे दिवसाला किमान अर्धा किलो भाजी. वाटीभर भाजीने हे भागत नाही. आठवडाभराने फरक पडला नाही तर रात्री एक चहाचा चमचा इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत. कमी पाण्यात घेतलं तर उलट जास्त अडतं.

तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो तेव्हा

तेव्हा तेल मोजा. एक टेबलस्पून तेलात १२० कॅलरी असतात. 'फॅट चालतं' असं ऐकून भाजीवर साजूक तुपाची धार आणि प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट सुरू झालेलं असतं. वीस ग्रॅम कुटात ११० कॅलरी, दोन भाज्यांत मिळून सव्वादोनशे. कर्बोदकं कमी करण्यात वजन उतरवणारी वेगळी जादू नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी चरबीवाल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, कमी कर्बोदकांच्या गटाचं ६ किलो. फरक लक्षणीय नव्हता. लो-कार्ब आपल्याला उपयोगी पडतं कारण आपल्या ताटात पीठ जास्त आणि प्रथिनं कमी असतात. ते उलटं केलं की पोट लवकर भरतं आणि माणूस आपसूक कमी खातो. तेल-तुपाने ती जागा भरली तर वजन तिथल्या तिथे.

गिरणीतलं मल्टिग्रेन पीठ, शुगर-फ्री बिस्किटं, बेक केलेला चिवडा, यांवर पैसे घालवू नका. मल्टिग्रेन पिठातही १०० ग्रॅमला साठ-पासष्ट ग्रॅम कर्बोदकं असतातच. ड्राय वाइनच्या ग्लासात साखर कमी असते हे खरं, पण अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला सात कॅलरी आहेत आणि यकृत आधी त्याच जाळतं.

वजन रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. सरासरीची तुलना सरासरीशीच. बेंबीच्या पातळीवर कंबरही मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आठवड्याला अर्धा किलो जात असेल तर काही बदलू नका. सुरुवातीला आणि बारा आठवड्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या. ट्रायग्लिसराइड बहुतेकांचे उतरतात. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र वाढतं. ते वाढलेलं दिसलं तर पनीर-तूप कमी करून त्या जागी सोया, मूग, दाणे, अंड्याचा पांढरा भाग आणा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा.

हवं तेवढं वजन उतरलं की कर्बोदकं एकदम नेहमीवर आणू नका. दर आठवड्याला रोजच्या आकड्यात १५ ग्रॅम वाढवा, साधारण अर्ध्या पोळीहून थोडं जास्त. ज्या आठवड्यात कंबर वाढायला लागेल त्याच्या आधीच्या आठवड्याचा आकडा तुमचा. तोवर अक्षय्य तृतीया आली असेल तर आमरस साखर न घालता वाटीभर, कर्बोदकं बावीस ते पंचवीस. पुरी १५ ग्रॅम कणकेची, अशा दोन. आणि त्या जेवणात भात, बटाट्याची भाजी, कुरडया काही नाही.